रॉकेटच्या इंधनाचं घोडं कुठे अडतं?

18 मे 2025 च्या पहाटे श्रीहरिकोटाहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी61 रॉकेट उडालं. पहिला टप्पा चोख, दुसराही चोख. तिसऱ्या टप्प्यात मोटरच्या केसिंगमधला, म्हणजे इंधन भरलेल्या बाहेरच्या नळकांड्यातला, दाब घसरला आणि ईओएस-09 हा उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. हा तिसरा टप्पा घन इंधनाचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत घन प्रणोदकाचा. साडेसात टनांच्या आसपास माल, तोही दशकानुदशकं वापरलेल्या जातीचा.

असं काही झालं की एक सूर हमखास निघतो: आपल्याला आता जास्त ताकदीचं, नव्या रेणूंचं इंधन हवं. क्षेपणास्त्राची बातमी आली तरी तोच सूर. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. घन इंधनाची अडचण ताकदीची फारशी नाहीच. तोच माल शंभर वेळा तसाच बनवणं, तो केसिंगला पंधरा वर्षं चिकटून ठेवणं आणि आत काय बिघडतंय ते फोडून न बघता ओळखणं, अडचण इथे आहे. या कामाला मथळा मिळत नाही, म्हणून पैसाही मिळत नाही. आणि यातला बराच भाग असा आहे की तो जालना, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या प्रयोगशाळांत, स्फोटक पदार्थाला हात न लावता होऊ शकतो.

आधी हा माल असतो कसा ते बघू. दिवाळीतला बाण किंवा तेरखेड्याची शोभेची दारू डोळ्यांपुढे आणू नका. तिथे पूड ठासलेली असते. मोठ्या रॉकेटमधला माल दिसतो आणि लागतो मोटारीच्या टायरसारखा, जरा मऊ. अमेरिकेच्या स्पेस शटलला सुरुवातीचा जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये अमोनियम पर्क्लोरेट 69.6 टक्के, ॲल्युमिनियमची भुकटी 16 टक्के आणि उरलेलं बहुतेक सगळं रबर, ही आकडेवारी नासाने कधीच प्रसिद्ध केली आहे. आपल्याकडे रबर एचटीपीबी जातीचं, बाकी गोत्र तेच. पर्क्लोरेट प्राणवायू पुरवतं, ॲल्युमिनियम उष्णता देतं, आणि रबर दोघांना धरूनही ठेवतं आणि स्वतःही जळतं.

म्हणजे शंभर किलोत पंच्याऐंशी किलो कोरडी पूड आणि पंधरा किलो चिकट द्रव. धपाट्याचं पीठ मळणाऱ्या कुणालाही विचारा, एवढ्या ओलीत पीठ गोळासुद्धा धरणार नाही. इथे तर मिश्रण पिठल्यासारखं ओतता आलं पाहिजे, आणि तेही दहा मीटर खोल केसिंगमध्ये, मधल्या साच्याच्या कडेकपारीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. हे जमतं ते कणांच्या आकारामुळे. पोतंभर हरभऱ्यात फटी राहतात, त्या फटींत ज्वारी मावते आणि ज्वारीच्या फटींत खसखस. पर्क्लोरेट तसं दोन-तीन आकारांचं घ्यावं लागतं. बारीक कण थोडे जास्त झाले तर मिश्रण घट्ट होऊन ओतताना फटी राहतात आणि जळण्याचा वेगही वाढतो. कमी झाले तर मोठे कण खाली बसतात. पुरवठादाराने दळण्याची चक्की बदलली, कणांची धार जराशी वेगळी आली, तरी मिश्रण वेगळं वागतं. रासायनिक विश्लेषणात मात्र दोन्ही माल शंभर नंबरी.

आता ताकदीचं बघू. इंधनाची ताकद विशिष्ट आवेगात मोजतात. एक किलो इंधन एक किलो वजनाइतका जोर किती सेकंद देऊ शकेल, तो हा आकडा. शटलच्या बूस्टरचा निर्वातातला आकडा 268 सेकंद होता, 1981 साली. एलव्हीएम-3 रॉकेटच्या एस-200 बूस्टरचा 274 च्या आसपास. पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा सुमारे 295, तोही बराचसा वरच्या विरळ हवेत लांब नॉझल (वायू बाहेर सोडणारं तोंड) लावता येतं म्हणून. चाळीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळवलेली भर अशी बोटांवर मोजण्याइतकी आहे, आणि त्याला कारण आळस नव्हे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन आणि ॲल्युमिनियम यांच्या बंधांतून जेवढी उष्णता निघायची तेवढीच निघते. बेरिलियम घातलं तर आकडा वाढतो, पण त्याचा धूर विषारी असतो, म्हणून तो रस्ता कधीच बंद झाला.

एक हिशेब करून बघा. वरच्या टप्प्यात 1000 किलो इंधन, 120 किलो केसिंग-नॉझल वगैरे आणि 500 किलो उपग्रह धरा. विशिष्ट आवेग 290. रॉकेटच्या समीकरणाने या टप्प्याला सेकंदाला सुमारे 2732 मीटर वेग मिळतो. इंधनाला हातही न लावता, पोलादाऐवजी तंतूंचं केसिंग वापरून, 30 किलो वजन कमी केलं तर वेग होतो 2820. तेवढाच वेग जुन्या केसिंगमध्ये हवा असेल तर इंधनाचा आवेग 299 वर न्यावा लागेल. नऊ सेकंद! नवा ऑक्सिडायझर, म्हणजे प्राणवायू पुरवणारा पदार्थ, शोधून, त्याचा कारखाना उभारून आणि दहा-पंधरा वर्षं चाचण्या करूनही हे नऊ सेकंद पदरात पडतीलच याची खात्री कुणी देणार नाही. तंतूंचं केसिंग मात्र आज उपलब्ध आहे. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा त्यातच बसवलेला असतो.

तरीही नव्या रेणूंचा मोह सुटत नाही. त्यातले दोन-तीन मराठवाड्याच्या हवेतच तपासून बघू.

अमोनियम नायट्रेट स्वस्त, आणि त्यात क्लोरीन नाही म्हणून धूर बिनआम्लाचा. पर्क्लोरेटला पर्याय म्हणून त्याचं नाव वारंवार पुढे येतं. पण त्याचा स्फटिक 32 अंश सेल्सिअसला रूप बदलतो आणि आकारमान साडेतीन-चार टक्क्यांनी वाढतं. खाली आलं की पुन्हा आक्रसतं. परभणी-नांदेडकडे मार्चअखेरपासून मध्य जूनपर्यंत दिवसाचा पारा चाळिशीजवळ किंवा वर, आणि पहाटे तिशीच्या खाली. म्हणजे 32 ची रेषा रोज दोनदा ओलांडली जाते, अडीच महिन्यांत दीडशे वेळा. इंधनातला प्रत्येक कण पंचाहत्तर वेळा फुगतो आणि पंचाहत्तर वेळा आक्रसतो. कणाभोवतीचं रबर सुटतं, बारीक चिरा पडतात. पोटॅशियमचे क्षार वा काही धातूंची ऑक्साइडं मिसळून ही रेषा सरकवता येते, पण मग ताकद आणखी घटते, आणि नायट्रेट मुळातच पर्क्लोरेटपेक्षा कमी ताकदीचं आणि हळू जळणारं. शिवाय ते ओल धरतं. खताचं पोतं पावसाळ्यात दगड होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरा उमेदवार अमोनियम डायनायट्रामाइड, एडीएन. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला आणि बरीच वर्षं गुलदस्त्यात ठेवला. ताकदीने पर्क्लोरेटहून सरस आणि क्लोरीनमुक्त. पण हवेतली आर्द्रता पंचावन्न टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढू लागतो आणि शेवटी स्वतःच विरघळतो. लातूरला ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते. म्हणजे दळणं, चाळणं, मिसळणं, ओतणं, सगळं कोरड्या हवेच्या खोलीत, आणि ती खोली तासभरही बंद पडता कामा नये. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. त्याची घनता 1.81, पर्क्लोरेटची 1.95. केसिंगचं आकारमान ठरलेलं असेल तर हलका माल म्हणजे कमी माल. किलोमागे मिळवलेलं लिटरमागे निसटतं.

तिसरा सीएल-20, अमेरिकेत चायना लेक इथे 1987 मध्ये बनलेला. ऊर्जा भरपूर, घनताही भरपूर. पण तो मुळात स्फोटक आहे. धक्क्याला आणि घर्षणाला नाजूक, आणि किंमत अशी की टनावारी वापराचं नाव काढू नये. पंचवीस किलोच्या क्षेपणास्त्र-मोटरला एक वेळ चालेल, दोनशे टनांच्या बूस्टरला नाही.

आता ज्या कारणांनी खऱ्या मोटरी फुटतात त्याकडे येऊ.

घन इंधन पृष्ठभागावर थराथराने जळतं. मोठ्या मोटरीत सेकंदाला अर्धा-एक सेंटिमीटर. हा वेग दाबाबरोबर वाढतो. किती वाढतो ते एका घातांकावर ठरतं. समजा आत एक चीर पडली आणि जळणारं क्षेत्रफळ 10 टक्के वाढलं. घातांक 0.4 असेल तर दाब सुमारे 17 टक्के वाढून थांबतो. केसिंगमध्ये तेवढी सवड ठेवलेली असते. घातांक 0.8 असेल तर त्याच चिरेने दाब 61 टक्के वाढतो, आणि केसिंग राहत नाही. एकच्या वर गेला तर थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून 'जास्त वेगाने जळणारं, जास्त ऊर्जेचं' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारावा: घातांक किती? अशा मिश्रणांच्या कित्येक शोधनिबंधांत ऊर्जा ठळक अक्षरात असते आणि घातांक कुठल्या तरी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात.

चीर पडते कशामुळे? बहुतेकदा थंड होताना. इंधन केसिंगमध्ये ओतून 60 अंशांच्या आसपास कित्येक दिवस ठेवतात, तेव्हा रबर पक्कं होतं. मग ते थंड होतं. तापमानाने आक्रसण्याच्या बाबतीत हा माल पोलादाच्या दसपट पुढे. एक मीटर लांबीचा तुकडा 60 वरून 10 अंशांवर आला तर पाच मिलिमीटर आक्रसू पाहतो. शेजारचं पोलाद अर्धा मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरचा हा तंटा दोन ठिकाणी फुटतो. एकतर इंधन, साचा काढल्यावर राहिलेल्या मधल्या पोकळीच्या कडेला चिरतं, नाहीतर केसिंगच्या अस्तरापासून सुटतं. अस्तराला लायनर म्हणतात. तो एखाद-दोन मिलिमीटर जाडीचा, आणि सगळ्या मोटरीत सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेला भाग. इंधन आणि लायनर यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट पडली तरी ज्वाला तिथे पोचते, आणि जे क्षेत्रफळ कधीच जळायचं नव्हतं ते एका क्षणात जळू लागतं.

ही फट क्ष-किरणांत सहज दिसत नाही, कारण सुटलेल्या दोन बाजू एकमेकींना टेकूनच असतात. चिरेची दिशा किरणाच्या दिशेशी जुळली तर दिसते, आडवी असली तर निसटते. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे, अल्ट्रासाउंड लावायचा, आणि तरीही शंका उरली तर मोटरीचा तो खंड बाजूला काढायचा. एक खंड बाजूला काढणं म्हणजे कित्येक टन माल आणि कित्येक आठवडे वाया. निर्णय घेणाऱ्याच्या मानगुटीवर उड्डाणाची तारीख बसलेली असते.

माल मऊ पडला तर काय होतं त्याचं ठसठशीत उदाहरण 1 एप्रिल 1991 चं. अमेरिकेच्या टायटन-4 रॉकेटसाठी बनवलेल्या नव्या बूस्टरची जमिनीवरची पहिली मोठी चाचणी एडवर्ड्स तळावर झाली आणि दीड-दोन सेकंदांत बूस्टर फुटला. मधल्या पोकळीतून वाहणाऱ्या वायूच्या दाबाने इंधनाचा काठ आत ओढला गेला, वाट अरुंद झाली, दाब वाढला, काठ आणखी आत आला. रसायन बरोबर होतं. उपाय निघाला तो इंधनाच्या काठाचा आकार बदलून. 20 डिसेंबर 2022 ला युरोपचं वेगा-सी पडलं ते नॉझलच्या गळ्यातला कार्बनचा भाग अपेक्षेपेक्षा जास्त झिजल्याने. तिथेही इंधन निर्दोष. ऊर्जा वाढवली, आतलं तापमान शे-दोनशे अंशांनी चढलं, की हाच गळा आधी बोंब मारतो. जास्त ताकदीचं इंधन मागणाऱ्यांच्या यादीत नॉझलचा कार्बन क्वचितच असतो.

पाण्याबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे. रबर पक्कं करायला आयसोसायनेट जातीचं रसायन वापरतात. त्याला रबरापेक्षा पाणी जवळचं. ओल मिळाली की त्याच्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं. गादीचा फोम फुगतो तो याच अभिक्रियेने, तिथे ती मुद्दाम घडवतात. इंधनात तीच अभिक्रिया म्हणजे हजारो बारीक बुडबुडे, आणि वर जेवढं आयसोसायनेट पाण्यात गेलं तेवढं रबर अर्धकच्चं. पावसाळ्यात ओतलेला आणि उन्हाळ्यात ओतलेला माल एकाच पाककृतीचा असूनही कडकपणात वेगळा निघतो तो यामुळे. पर्क्लोरेट सुकवलं होतं ना, तर हो. पण भट्टीतून काढल्यावर पिंप किती वेळ उघडं होतं, याची नोंद असतेच असं नाही. आमच्या मते एका वेळी दहा नवे रेणू शोधण्यापेक्षा ही एक नोंद सक्तीची करणं देशाला जास्त उपयोगी पडेल.

आणि म्हातारपण. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र असो की पिनाकासारखं रॉकेट, ते बनल्यावर दहा-पंधरा वर्षं कोठारात पडून असतं. पिनाकाची रचना डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या प्रयोगशाळेची आणि प्रणोदकाचं काम तिथल्याच एचईएमआरएल या प्रयोगशाळेचं, एवढं महाराष्ट्रात ठाऊक असतं. ते कोठार राजस्थानात असेल, सिक्कीममध्ये असेल, याचा विचार कमी होतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. एचटीपीबीचंही तसंच. त्याच्या साखळीतले दुहेरी बंध हवेतला प्राणवायू हळूहळू घेतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, रबर कडक होतं, ताणलं की तुटतं. मऊपणासाठी घातलेलं तेल लायनरकडे सरकतं. जळण्याचा वेग वाढवायला घातलेले लोहाची संयुगंसुद्धा सरकतात, म्हणजे लायनरजवळचा माल आतल्या मालापेक्षा वेगळा जळू लागतो.

हे पंधरा वर्षं थांबून बघायला वेळ कुणाला? म्हणून तुकडे गरम जागी ठेवून म्हातारपण लवकर आणतात. ढोबळ नियम असा की दर 10 अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट. मग 25 अंशांची दहा वर्षं 65 अंशांत साडेसात महिन्यांत उरकतात. कागदावर. प्रत्यक्षात 65 अंशांना प्राणवायू वरच्या कातडीतच संपतो, कातडी टणक होते आणि गाभा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. खऱ्या कोठारात तो सावकाश आतपर्यंत झिरपतो. म्हणजे प्रयोगशाळेतला म्हातारा आणि कोठारातला म्हातारा, दोघांची दुखणी वेगळी. नव्या इंधनाची तर पंचाईतच. त्याचा कोठारातला इतिहास शून्य, आणि तो पैसे टाकून विकत मिळत नाही. दशकानुदशकं तेच एचटीपीबी आणि तेच पर्क्लोरेट का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

यात आपण अगदीच मागे होतो असंही नाही. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थुंबा आणि श्रीहरिकोटाच्या उभारणीच्या काळात घन इंधनाचा पाया घातला. आज एस-200 मध्ये प्रत्येकी 200 टनांहून जास्त माल बसतो, जगातल्या सर्वांत मोठ्या घन बूस्टरांत त्याची गणना होते, आणि 24 जानेवारी 2010 ला त्याची पहिली जमिनीवरची चाचणी पार पडली तेव्हा तो सुमारे 130 सेकंद बिनतक्रार जळला. आणखी एक गोष्ट मराठवाड्यात तरी सांगायलाच हवी. आपल्या शेताच्या बांधावर एरंड उगवतो. एरंडेलातल्या आम्लापासून मिळणाऱ्या 12-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लावर आधारलेलं 'इस्रो पॉलिऑल' हे बाइंडर, म्हणजे पूड धरून ठेवणारं रबर, भारतातच विकसित झालं. पेट्रोलियमच्या रबराइतकं ते मोठ्या मोटरींत रुळलं नाही, पण कल्पना पोकळ नव्हती. तेलबियांच्या पिकातून आलेल्या मालाचा एक त्रास असतो, हंगामागणिक त्याचं आम्लांचं प्रमाण बदलतं. हा तर कृषी विद्यापीठाचा विषय. लातूरला तेलबिया संशोधन केंद्र आहे, जालन्याला रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. दोघांमध्ये रस्ता दोन-तीनशे किलोमीटरचा.

संरक्षण उत्पादनाच्या पट्ट्याची चर्चा निघाली की संभाजीनगरचं नाव येतं, आणि ते यावंच. पण कुठला उद्योग यावा याबद्दल डोळे उघडे ठेवावेत. पर्क्लोरेट पाण्यात सहज विरघळतं, मातीला धरून राहत नाही आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. शरीरात गेलं की थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा अब्जात सहा भाग एवढी ठेवली. नेवाडातल्या हेंडरसनजवळच्या कारखान्यांतून झिरपलेलं पर्क्लोरेट मीड सरोवरात आणि पुढे कोलोरॅडो नदीत पोचलं होतं, आणि ती नदी लाखोंचं पाणी. त्याच हेंडरसनमध्ये 4 मे 1988 ला पर्क्लोरेटचा कारखाना उडाला. दोघे गेले, पावणेचारशेच्या आसपास जखमी झाले. चॅलेंजर दुर्घटनेनंतर शटलची उड्डाणं थांबली होती, माल उचलला जात नव्हता, आणि साठा आवारात वाढत गेला होता. उन्हाळ्यात टँकर आणि विहीर-बोअर यांच्यावर जगणाऱ्या मुलखात असा कारखाना आणताना सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर जाणार नाही, साठ्याची कमाल मर्यादा किती, आणि भोवतालच्या बोअरवेलचं पाणी कारखान्याआधी आणि नंतर कोण तपासणार, हे तीन मुद्दे करारात लिहून घ्यावेत. रोजगाराचा आकडा त्यानंतर.

धुराचंही तसंच. पर्क्लोरेटमधला जवळजवळ सगळा क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. प्रणोदकात 68 टक्के पर्क्लोरेट धरलं तर एस-200 च्या जोडीच्या 410 टनांतून 85 टनांच्या आसपास आम्लवायू. किनाऱ्यावरच्या तळावर, वर्षाकाठी मोजक्या उड्डाणांना हे सहन होतं. उड्डाणं दसपट झाली तर होईलच असं नाही. क्लोरीनमुक्त इंधनावरचं संशोधन म्हणूनच चालू राहायला हवं. फक्त त्याला 'ताकदीचं इंधन' म्हणून विकू नये.

मग मराठवाड्याने काय करावं? पर्क्लोरेट आणायचं नाही, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणायची नाही, हे आधी. यूट्यूबवर बघून वसतिगृहाच्या गच्चीत रॉकेटचं मिश्रण शिजवणारी उत्साही मुलं बोटं गमावून बसू शकतात. स्फोटक कायदा 1884 चा आहे, नियम 2008 चे आहेत आणि परवाना देणारं कार्यालय नागपुरातच आहे. कॉलेजच्या लेटरहेडने त्यातून सुटका होत नाही. 23 फेब्रुवारी 2004 ला श्रीहरिकोटासारख्या कसलेल्या ठिकाणी घन इंधनाच्या खंडाला आग लागून सहा जण गेले. तिथे जे घडलं ते गच्चीवर घडणार नाही असं कुणी म्हणू नये.

पण जळणारा माल न वापरताही या विषयाचं निम्मं काम होतं. पुडीच्या जागी मीठ, काचेचे मणी किंवा चाळलेली वाळू घेतली तरी रबरात पंच्याऐंशी टक्के घन पदार्थ मिसळला की तो कसा वाहतो, किती वेळ ओतता येतो, थंड होताना पोलादी नळीपासून कुठे सुटतो, हे सगळं मोजता येतं. लागतं काय? चांगला व्हिस्कोमीटर, निर्वातात मिसळणारं छोटं यंत्र, ओढून तोडणारं ताणयंत्र आणि आर्द्रता सांभाळणारी कपाटं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ किंवा संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या आवाक्याबाहेरची ही खरेदी नाही. अल्ट्रासाउंडने सुटलेला जोड ओळखण्याचं काम तर इलेक्ट्रॉनिक्सची पोरं करतील. मुद्दाम दोष पेरलेले नमुने बनवायचे, कुठे काय पेरलं ते पाकिटात बंद ठेवायचं, आणि मग मोजणाऱ्याला शोधू द्यायचं. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिथे लागणारी निर्वाताची, मोजमापाची आणि धीराची शिस्त इथे लागते त्याच जातीची.

सर्वांत मोलाचं काम मात्र सर्वांत कंटाळवाणं आहे: मराठवाड्याच्या हवेत बाइंडर आणि लायनर खरोखर कसे म्हातारे होतात, याची पंधरा वर्षांची नोंद. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात त्रेचाळीसच्या वर. वर्षाच्या आत एवढा हेलकावा फुकट मिळतो. पोलादाच्या पट्टीवर लायनर आणि निष्क्रिय (न जळणारं) मिश्रण चिकटवलेले तीनेकशे तुकडे करायचे. शंभर पत्र्याच्या शेडमध्ये, शंभर मातीच्या जाड भिंतीच्या खोलीत, शंभर 25 अंशांच्या कपाटात. दर सहा महिन्यांनी प्रत्येक ठिकाणचे तीन काढून ओढून तोडायचे. किती जोर लागला, किती ताणले, आणि तुटले कुठे, रबरात की जोडावर, ते लिहायचं. पंधरा वर्षांत प्रत्येक ठिकाणचे नव्वद जातात, दहा राखीव उरतात.

हा प्रयोग बिघडतो तो रसायनाने नाही. संशोधन प्रकल्पाला मंजुरी तीन वर्षांची असते, मुदत संपली की कपाट दुसऱ्या विभागाकडे जातं. प्राध्यापक निवृत्त होतात आणि तुकड्यांवरची शाई उन्हाने उडालेली असते, म्हणून क्रमांक पोलादावर ठोकूनच घ्यावा. आणि 25 अंशांच्या कपाटाची वीज मे महिन्यात दुपारी चार तास गेली तर आतले तुकडे त्या दिवशी शेडमधल्या तुकड्यांसारखेच तापले, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. त्यासाठी कपाटात तापमान नोंदणारा, बॅटरीवर चालणारा लॉगर ठेवायचा, दर महिन्याला त्याची नोंद उतरवायची, आणि बॅटरी बदलल्याची तारीख तुकड्यांच्याच वहीत लिहायची.